साऊथ कॅरोलायनातल्या जॉर्जटाऊनची भात-टूर आणि कॅरोलायना गोल्ड तांदळाचं पाकीट: उखळ कुणाचं पांढरं झालं?

रेटिंग आधीच सांगून टाकते, टूरला ५ पैकी ३, म्युझियमला साडेचार आणि तांदळाला ४, आता का ते सविस्तर लिहिते कारण मी बुकिंग करताना मराठीत कुणी काही लिहिलंय का शोधलं तर एक ओळ मिळाली नाही.

तर झालं असं की सासूबाई तीन महिन्यांसाठी शार्लटला आल्या होत्या आणि मॉल, मंदिर, इंडियन स्टोअर सगळं दोनदा करून झालं होतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये लाँग वीकेंडला मर्टल बीचला गेलो. दुसऱ्या दिवशीच त्या म्हणाल्या समुद्र आपल्याकडेही आहे गं. मग नवऱ्याने फोनवर शोधून जॉर्जटाऊनची अर्ध्या दिवसाची टूर काढली, जुनं भाताचं प्लांटेशन (म्हणजे गुलामांच्या जिवावर चालवलेली मोठी शेती), प्रत्यक्ष भात कांडून दाखवणार आणि शेवटी एक पाकीट तांदूळ, माणशी ४५ डॉलर. मर्टल बीचहून हायवे १७ ने तासाभरात पोचतो. टूरवाल्याचं नाव देत नाहीये, एकटा माणूस चालवतो आणि मला थोडी तक्रारही करायचीये.

टूर साडेअकराची होती म्हणून आधी राइस म्युझियम बघितलं, आणि तुम्हीही हाच क्रम ठेवा, उलटं केलंत तर निम्मं डोक्यावरून जाईल. फ्रंट स्ट्रीटवर घड्याळाचा टॉवर असलेली जुनी मार्केटची इमारत आहे, लांबून दिसते, चुकायचा प्रश्नच नाही. आत नकाशे, जुनी अवजारं आणि छोटी छोटी मॉडेल्स आहेत, जंगल तोडून शेत कसं केलं तिथपासून गिरणीपर्यंत. पहिल्यांदा मला वाटलं शाळेच्या प्रोजेक्टसारखं आहे, पण पाच मिनिटांनी कळतं की हे असंच दाखवायला हवं, कारण बाहेर आता बघायला फारसं काही उरलेलंच नाही. जॉर्जटाऊनच्या आसपास वॅकमॉ, पी डी, ब्लॅक, सॅम्पिट अशा नद्या विन्याह बेला येऊन मिळतात आणि भरतीचं पाणी नदीत वर वर ढकललं जातं, गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली राहतं, तर ते वरचं गोडं पाणी बरोबर वेळ साधून शेतात घ्यायचं नि ओहोटीला सोडून द्यायचं, हा सगळा खेळ. त्यासाठी बांधात लाकडी दरवाजे, त्यांना ट्रंक म्हणतात, आधी पोकळ केलेल्या झाडाच्या बुंध्यांचे असायचे म्हणून ते नाव राहिलं असं सांगतात. खाजणातली उघाडी ज्यांनी बघितलीये त्यांना फार समजवावं लागणार नाही. सासूबाईंनी एक मिनिट मॉडेल बघितलं आणि म्हणाल्या, हे आपलंच आहे की.

१८४० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेतला जवळपास निम्मा तांदूळ एकट्या जॉर्जटाऊन डिस्ट्रिक्टमधून यायचा. १८५० च्या जनगणनेत देशाचा एकूण तांदूळ साधारण साडेएकवीस कोटी पौंड आणि त्यातला १६ कोटी साऊथ कॅरोलायनाचा. आज त्या गावात दुपारी दोन वाजता पार्किंग सहज मिळतं, यावरून काय ते समजा.

शेजारच्याच इमारतीत वर ब्राउन्स फेरी व्हेसल म्हणून एक अठराव्या शतकातली बुडालेली बोट नदीतून काढून ठेवलीये, विटा भरलेली होती ती. तांदळाशी थेट संबंध नाही पण बघा, नवरा तिथून हलायलाच तयार नव्हता.

आता टूर. गाइड पन्नाशीचा, बोलका, व्हॅनमध्ये एसी फुल्ल, पाण्याच्या बाटल्या फ्री, इथपर्यंत सगळं मस्त. जाताना वाटेत सुरुवात केली की १६८५ च्या सुमाराला मादागास्करहून आलेलं एक जहाज चार्ल्सटनला दुरुस्तीला थांबलं आणि कॅप्टनने तिथल्या एका डॉक्टरला भाताचं थोडं बी दिलं आणि तिथून सगळं सुरू झालं. ही दंतकथा सगळीकडे सांगतात, ठीक आहे. पण त्यात कॅप्टनला नाव आहे, डॉक्टरला नाव आहे, आणि ते बी पेरायचं कसं, पाणी किती ठेवायचं, कापल्यावर त्याचं करायचं काय हे ज्यांना येत होतं त्यांचं एकाचंही नाव नाही. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी भात ताटात बघितला असेल, शेतात कुठला बघणार! पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे सेनेगल-गॅम्बियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या पट्ट्यात, लोक शेकडो वर्षं भात लावत होते आणि तिथलीच माणसं पकडून, गुलाम करून इथे आणली. किती ज्ञान तिकडून आलं आणि किती इथे जमवाजमव करून झालं यावर इतिहासकारांची भांडणं आहेत, पण उखळ, मुसळ आणि पाखडायची टोपली ही तीन अवजारं कुठून आली यात तरी शंका घ्यायला फार जागा नाही. गाइड मात्र अख्खा रस्ताभर वर्कर्स वर्कर्स म्हणत होता. वर्कर्स म्हणजे ज्यांना पगार असतो ना दादा? मी एकदा विचारलं तर हो हो एनस्लेव्ड म्हणाला आणि पुढच्या वाक्याला परत वर्कर्स. माझा एक स्टार तिथेच गेला.

दुसरा स्टार कसा गेला तर प्लांटेशनवर पोचल्यावर पाऊण तास जोनाथन लुकास, जोनाथन लुकास. माणूस भारीच होता, नाही म्हणत नाही. इंग्लंडमधल्या कम्बरलँडचा गिरणी बांधणारा कारागीर, सँटी नदीच्या तोंडाशी जहाज फुटलं म्हणून इथे अडकला असं सांगतात. १७८७ मध्ये त्याने सँटीवरच्या पीचट्री प्लांटेशनवर पाण्यावर चालणारी भाताची गिरणी उभी केली. काही वर्षांतच भरती-ओहोटीवर चालणारी केली, म्हणजे भरतीचं पाणी तळ्यात कोंडायचं आणि ओहोटी लागली की चाकावर सोडायचं. १७९३ मध्ये कूपर नदीवर मेपकिन इथे बांधली त्यात तर गोल फिरणाऱ्या चाळण्या, धान्य वर चढवणारे एलिवेटर, पिंप भरायची सोय, सगळं एकमेकांना जोडलेलं. मेपकिन म्हणजे हेन्री लॉरेन्सची जागा, हा अमेरिकेच्या काँटिनेंटल काँग्रेसचा अध्यक्ष होता आणि त्याआधी चार्ल्सटनमधल्या सगळ्यात मोठ्या गुलाम व्यापारी पेढ्यांपैकी एकीचा भागीदार. आता तिथे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ आहे, हे गाइडने सांगितलं नाही, मी घरी येऊन वाचलं.

गिरणीचं काम कसं चालायचं ते मात्र त्याने झकास समजावलं, क्रेडिट द्यायला हवं. आधी भात चाळून माती-खडे काढायचे, मग दोन मोठ्या जात्याच्या दगडांमधून भरडायचं, त्या दगडांत अंतर साधारण एका दाण्याच्या लांबीएवढं, म्हणजे टरफल फुटतं पण दाण्याचं पीठ होत नाही, मग पंख्याने तूस उडवायचं, मग खरी गंमत, लाकडाची मुसळं ओळीने उभी, खालच्या टोकाला लोखंडी पत्रा मारलेली, फिरत्या शाफ्टवरचे दांडे ती उचलतात आणि सोडून देतात, उचलतात आणि सोडून देतात, खाली उखळांची रांग. त्यात कोंडा निघतो. शेवटी मेंढीचं कातडं लावलेल्या ब्रशने घासून दाणा चकचकीत करायचा आणि मग अख्खा दाणा वेगळा, कणी वेगळी, बारीक चुरा वेगळा. म्हणजे बघा, एवढं डोकं लावून मशीन केलं तरी मधोमध उखळ आणि मुसळच आहे! हात काढला आणि पाणी लावलं, पण कांडायची रीत तीच.

मग शेवटची वीस मिनिटं राहिली तेव्हा व्हॅनमधून खरं उखळ काढलं. याच्यासाठी मी आले होते. एका ओंडक्यातून कोरलेलं, गुडघ्याच्या वर येणारं, आणि मुसळ मधे मुठीपुरतं बारीक, दोन्ही टोकं जाड पण सारखी नाहीत. एक टोक निमुळतं, त्याने आधी टरफल सोडवायचं, मग मुसळ उलटं करून दुसऱ्या चपट्या टोकाने कोंडा काढून दाणा पांढरा करायचा. आमच्याकडे पण आधी भरडायचं मग सडायचं हे दोन टप्पे असतातच, पण एकाच मुसळाची दोन टोकं दोन कामाला ही आयडिया सासूबाईंनाही नवी होती.

गाइडने दोनेक वाट्या भात घातलं आणि नवऱ्याला बोलावलं. नवऱ्याने जिममध्ये असल्यासारखं दणादण दहा-बारा घाव घातले आणि बाहेर काढून बघतो तर निम्मी कणी. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, त्या पुढे आल्या, पदर खोचला (हो, साडी नेसून आल्या होत्या) आणि मुसळ हातात घेऊन आधी तोलून बघितलं. मग उंच उचलून नुसतं सोडायचं, दाबायचं नाही, खाली लागलं की किंचित मनगट फिरवायचं म्हणजे कडेचं भात आत येतं, आणि मधेच एक हात मोकळा करून उखळातलं वर-खाली करायचं. लहानपणी आईबरोबर केलेलं, त्याला साठ वर्षं झाली असतील. गाइडचं बोलणं थांबलं. पहिल्यांदाच. मग त्यांनी टोपली मागितली.

ती टोपली म्हणजे फॅनर बास्केट, गोल, पसरट, परातीएवढी, गवताची वळी गोल गोल गुंडाळून पाल्मेटोच्या, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानाच्या, पट्टीने शिवलेली. आपलं सूप एका बाजूने उघडं असतं म्हणून तूस पुढे सरकून पडतं, ही सगळीकडून काठाची, त्यामुळे उडवून हवेतच वाऱ्यावर तूस सोडायचं आणि दाणा परत झेलायचा. सासूबाईंचा पहिला झोका फुकट गेला, अर्ध्या बुटांवर, दुसऱ्यापासून जमलं. ही शिवण्याची पद्धत पश्चिम आफ्रिकेची आहे आणि आजही गल्ला लोक, म्हणजे त्याच गुलाम केलेल्या माणसांचे वंशज, हायवे १७ वर माउंट प्लेझंटच्या रस्त्याकडेला बसून स्वीटग्रासच्या टोपल्या विकतात. गिरणी गेली, तळं गेलं, शेतं परत दलदल झाली आणि टोपली राहिली.

आता हिशेब ऐका. वीस मिनिटांत तिघांनी मिळून जो काय खाण्यालायक तांदूळ निघाला तो जेमतेम दोन माणसांच्या एका जेवणाचा. खांदे भरून आले. त्या काळी तांदूळ पिंपातून जायचा आणि एका पिंपात ५००-६०० पौंड. आफ्रिकेत बायका रोजच्या चुलीपुरतं कांडायच्या, सकाळी तासभर, चारजणी मिळून, गाणी म्हणत वगैरे. इथे तेच काम जहाजं भरायला करायचं, आणि त्यासाठी बायकांबरोबर पुरुषांनाही उखळाला उभं केलं, तेही पुष्कळदा शेतातलं नेमून दिलेलं काम संपल्यावर, पहाटे अंधारात नाहीतर रात्री, थंडीचे सगळे महिने. आणि नुसता जोर लावून भागत नाही, जोरात मारलं की कणी होते आणि कणीला भाव नाही, म्हणजे थकलेल्या हाताने हळुवार मारायचं. घोडे-बैल जुंपून चालवायची यंत्रं आधीपासून होती, १६९१ मध्येच पीटर जेकब गेरार्ड नावाच्या माणसाला भात सडायच्या पेंड्युलम इंजिनचं पेटंट दिलेलं आहे, एकाला तर पेकर म्हणायचे, सुतार पक्ष्यासारखं ठोकतं म्हणून. पण लुकासच्या गिरण्या येईपर्यंत माणसांची मुसळं काही सुटली नाहीत.

मी गाइडला विचारलं की मग गिरणी आल्यावर त्या लोकांना थोडी उसंत मिळाली असेल ना. तर म्हणाला, ऑफ कोर्स, इट सेव्ह्ड सो मच लेबर. इथे मला खरंच वाद घालावासा वाटला. कांडायचं काम कमी झालं हे खरं, पण अडचण जिथे तुंबली होती ती मोकळी झाल्यावर मालक काय करणार? जास्त जमीन. आणखी दलदल तोडायची, आणखी बांध, आणखी कालवे, आणि ते चिखलात उभं राहून खणणार कोण? कापसातून सरकी काढायच्या जिन मशीनने पण हेच झालं, तीही १७९३ चीच. ब्रुकग्रीन प्लांटेशनचा मालक जोशुआ जॉन वॉर्ड, १८५० च्या जनगणनेत त्याच्या नावावर हजाराच्या वर माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत, हे गिरण्या येऊन साठ वर्षं झाल्यावरचं. आपल्याकडे उखळ पांढरं होणं म्हणतात ना, इथे ते अक्षरशः झालं. फक्त मुसळ एकाच्या हातात आणि पांढरं दुसऱ्याचं.

विनोइंग हाऊसबद्दल लिहायचं राहिलं. उंच खांबांवर एक छोटी खोली, झोडलेलं भात जिन्याने वर न्यायचं आणि खोलीच्या तळातल्या भोकातून खाली सोडायचं, वारा तूस घेऊन जातो आणि दाणा सरळ खाली पडतो. म्हणजे आपण खळ्यावर तिवईवर उभं राहून उफणतो त्याचं घर केलेलं. मॅन्सफिल्ड प्लांटेशनवर असं एक जुनं अजून उभं आहे. आमच्या टूरमध्ये फक्त फोटो दाखवला, बुकिंगच्या पानावर मात्र ते दाखवणार असं वाटावं असा फोटो टाकलाय, त्यामुळे आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर नाही पण मुद्दाम वाकडी वाट करून चार्ल्सटनला गेलो. वाफेची गिरणी लुकासनेच १८१७ मध्ये तिथे आणली. त्यानंतर मोठाल्या गिरण्या शहरात आल्या आणि लहान मालक भात तिकडे पाठवायचे, गिरणीवाला आपला वाटा कापून घ्यायचा. वेस्ट पॉइंट मिलची इमारत मरीनाजवळ अजून धड आहे, गिरणी कसली, राजवाडा वाटते. बेनेट्स मिलची एक भिंत तेवढी उरलीये, बाकी वादळांनी नेली. लुकासचा मुलगा १८२२ मध्ये इंग्लंडला गेला आणि तिथे गिरण्या काढल्या, कारण इंग्लंडमध्ये सडलेल्या तांदळापेक्षा टरफलासकट भातावर जकात कमी. म्हणजे बापाने इथल्या गिरण्या बांधल्या आणि मुलगा भात तिकडे नेऊन सडायला लागला, घरातच स्पर्धा. वेळ असेल तर गॅड्सडेन्स व्हार्फवर २०२३ मध्ये उघडलेलं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम बघा, गुलामांची जहाजं जिथे लागायची तीच जागा. आम्हाला बाहेरूनच परतावं लागलं, पार्किंगचे पैसे भरून. यासाठी परत जाणार आहे.

आता पाकिटाबद्दल. कॅरोलायना गोल्ड नाव वाचून सासूबाईंना वाटलं केशरी-पिवळा तांदूळ असणार, तसं काही नाही, सोनेरी असतं ते टरफल, उभ्या पिकाचा रंग. आतला दाणा पांढराच, आपल्या कोलमपेक्षा थोडा जाड. हा वाण जवळजवळ संपला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गुलामी गेली, त्या चिखलात फुकट राबायला कुणी उरलं नाही, मग १८९३ पासून एकामागून एक चक्रीवादळं आणि तिकडे लुइझियाना-अर्कान्सामध्ये मशीन चालेल अशी कोरडी टणक जमीन, १९११ च्या वादळानंतर धंदा जवळपास बसलाच. मग १९८० च्या दशकात सव्हानाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने, रिचर्ड शुल्झ त्यांचं नाव, सरकारी संशोधन केंद्रातून थोडं बी मिळवलं आणि परत लावलं. आधी बदकं यावीत म्हणून भात लावायचा होता म्हणे, शिकारीचा शौक. परत एक डॉक्टर आणि परत बी, या पिकाच्या गोष्टीत डॉक्टरांना फारच भाव.

चव? छान आहे, उगाच आहा-ओहो करण्यासारखी नाही. ताज्या भाताचा एक मंद गोडसर वास येतो. पाणी कमी घालून उकळून, मग ओव्हनमध्ये जरा सुकवला तर दाणा न् दाणा मोकळा होतो, आणि नेहमीसारखा कुकरला लावला तर मऊ आणि किंचित चिकट. दोन्ही जमतं ही त्याची खासियत. मी लाल चवळीबरोबर हॉपिन जॉन, म्हणजे तिकडचा चवळी-भात, करून बघितला, त्यात तो खरा खुलतो, रस पितो पण गिचका होत नाही. वरण-भाताला मात्र मला आपला आंबेमोहोरच हवा. कोंडा पूर्ण काढलेला नसतो म्हणून फ्रीझरमध्ये ठेवा, मी दोन आठवडे बाहेर ठेवला तर खवट वास यायला लागला. किंमत म्हणाल तर टूरमध्ये पाकीट फुकट होतं, नंतर मागवलं तर पौंडाला ८ डॉलरच्या वर पडलं, रोज खायची गोष्ट नाही. एक स्टार त्यासाठी कापला.

प्रॅक्टिकल गोष्टी: डास भयंकर, ऑक्टोबरमध्येसुद्धा, स्प्रे न्याच. प्लांटेशनवर टॉयलेट एकच आणि व्हॅनपासून लांब. म्हाताऱ्या माणसांना चालायला त्रास नाही, रस्ता सपाट आहे. लहान मुलांना लुकासच्या पाऊण तासात झोप येईल. आणि बुकिंग करतानाच गाइडला मेसेज करा की आम्हाला उखळासाठी जास्त वेळ हवाय, गिरणीचं भाषण म्युझियममध्ये ऐकून आलोय. मी रिव्ह्यूमध्ये हेच इंग्रजीतही लिहिलं, वर्कर्सचंही लिहिलं, अजून उत्तर नाही.

आणि हो, त्याच तांदळाची कणी पण वेगळी विकतात, मिडलिन्स नाहीतर राइस ग्रिट्स म्हणून. जी तेव्हा स्वस्तातली म्हणून बाजूला काढायचे ती आता अख्ख्या दाण्याच्याच भावाने. सासूबाईंना पटलंच नाही, कणीचे आठ डॉलर! पण जायच्या आधी रात्री त्यांनीच तिची पेज केली, वर तूप-मीठ, आणि आता घरी तांदळाचं पाकीट अर्धं पडलंय आणि कणीचं दुसऱ्यांदा मागवलंय.